एका बोंडात आठ किलोमीटर

पऱ्हाटीवरचे एक फुटलेले बोंड घ्या. त्यातला कापूस सरकीसकट भरतो साधारण चार ग्रॅम. जिनिंगमध्ये सरकी निघून गेली की रुई उरते जेमतेम तिसरा हिस्सा, सव्वा-दीड ग्रॅम. या रुईचे तंतू आता एकापुढे एक मांडायचे. एकेक तंतू इंचभराचा, पण इतका बारीक की मध्यम प्रतीच्या एक ग्रॅम रुईत सहा किलोमीटरहून जास्त लांबी दडलेली असते. म्हणजे एका बोंडात झाले आठ किलोमीटर.

यवतमाळातल्या कोणत्याही जिनिंगच्या आवारात रुईच्या गाठी रचलेल्या दिसतात. एक गाठ 170 किलोची. तिच्यातले सगळे तंतू जोडले तर दहा लाख किलोमीटर होतात. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटरवर आहे. एका गाठीतला धागा तिथे जाऊन परत येईल, आणि उरलेल्यात पृथ्वीला विषुववृत्तावरून पाच वेढे बसतील. 1969 मध्ये अपोलो 11 च्या अंतराळवीरांना नुसते तिथे उतरायलाच चार दिवस लागले होते.

हा हिशेब गमतीचा. खरा घाम फोडणारा आकडा वेचणीचा आहे. एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस लागतो, म्हणजे सव्वा लाख बोंडे. सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू झाली की ही सगळी बोंडे हातानेच वेचायची. एखाद्या बाईने दिवसाला चाळीस किलो वेचला, तर तिचा हात दहा हजार बोंडांवरून फिरला. मजुरी मात्र किलोवर मिळते. बोंडे कोणी मोजत नाही.

हाच कापूस बाहेर नेण्यासाठी एका इंग्रज कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटरची अरुंद रेल्वे घातली. तीच आपली शकुंतला. रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, दीड हाताहून थोडे जास्त. तिचे वाफेचे इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले होते आणि ते 1994 पर्यंत धावले. ज्या शहराच्या गिरण्यांना कापूस हवा होता, त्याच शहराने तो ओढायला इंजिनही पुरवले. धंदा असा करावा!

पण इंग्रजांचा सगळ्यात मोठा सौदा रेल्वेचा नव्हे, वऱ्हाडाचा. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेला होता. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने महबूब अली खान निजामाकडून तो कायमच्या पट्ट्याने घेतला. खंड ठरला वर्षाला 25 लाख रुपये. ऐकायला रक्कम भारी वाटते, म्हणून भागाकार करू. वऱ्हाडाचे क्षेत्रफळ होते सुमारे 17,700 चौरस मैल, म्हणजे एक कोटी तेरा लाख एकर. एकरी पडले साडेतीन आणे. पाच एकरांच्या वावराचा वर्षाचा खंड एक रुपया दीड आणा! आणि कबुली अशी की हा खंड पुढे कधीच वाढायचा नाही.

याच निजामाने 1891 मध्ये जेकब हिऱ्याच्या सौद्यात 23 लाख रुपये आगाऊ भरले होते. हिरा 184.75 कॅरटचा, वजन 37 ग्रॅमच्या आत. म्हणजे मुठीत मावणाऱ्या खड्यासाठी दिलेली रक्कम आणि काळ्या मातीच्या सबंध मुलखाचे वर्षाचे भाडे यांत फरक अवघा दोन लाखांचा. हा हिरा पुढे मुलाला बापाच्या जोड्यात सापडला आणि त्याने तो कागद दाबायला वापरला, असे सांगतात. वऱ्हाडाचेही इंग्रजांनी फार वेगळे केले असे मला वाटत नाही.

सणांचे आकडेही सरळ नाहीत. पोळा 2023 मध्ये 14 सप्टेंबरला आला आणि 2025 मध्ये 22 ऑगस्टला. दोन वर्षांत तेवीस दिवसांची उडी! चांद्र वर्ष 354 दिवसांचे, त्यामुळे सण दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकतो आणि अधिक मास त्याला पुन्हा पुढे ढकलतो. एकोणीस वर्षांत 235 चांद्र महिने बसतात, तेव्हा कुठे चांद्र आणि सौर वर्षांची जवळपास गाठ पडते. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्यांची गाणी म्हणणाऱ्यांना या गणिताची गरज पडत नाही. त्यांचे यमक जुळले की झाले.

भटकंतीत मात्र यवतमाळ जिल्ह्याचा मानकरी माणूस नाही, वाघ आहे. टिपेश्वर अभयारण्य अवघे 148 चौरस किलोमीटरचे. तिथला कॉलर लावलेला एक तरुण वाघ जून 2019 मध्ये निघाला आणि पाच महिन्यांत 1,300 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण नऊ महिन्यांत त्याची चाल 3,000 किलोमीटर भरली. वाटेत तेलंगण, शेते, नाले, महामार्ग. 'वॉकर' हे नाव त्याने कमावलेले आहे.

माणसांचे म्हणाल तर वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे आणि ते अकरा वर्षांहून जास्त काळ सलग मुख्यमंत्री होते, हे आमच्या पोरांना पाठ असते. शिक्षकांनो, शाळेच्या प्रश्नमंजूषेत पाठ असलेले असे प्रश्न दोन कमी करा आणि मुलांना एक वजनकाटा, एक बोंड आणि कोरा कागद द्या.