सहेरीनंतरचा सराव

सहेरी आटोपते, फजरची नमाज होते आणि मोहल्ला पुन्हा तासाभरासाठी झोपी जातो. एका घरातला दिवा मात्र चालू असतो. नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलगी उशीला रुग्ण समजून प्रॅक्टिकलची तयारी करत असते. ट्रेमध्ये काय, कोणत्या क्रमाने, हे पुटपुटणे चालू असते. धाकटा भाऊ झोपेतच विचारतो, "आपा, तरावीह संपली नाही का अजून?"

लेखी पेपर पाठांतराने निघतो, प्रॅक्टिकल निघत नाही. वॉर्डातला खरा रुग्ण वाट्याला येतो. त्याची माहिती घ्यायची, शुश्रूषेचा आराखडा लिहायचा, सांगितलेली कृती करून दाखवायची आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. हात धुतले का, रुग्णाला आधी समजावले का, पडदा ओढला का, हेही पाहिले जाते. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. त्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणून रोज्यातही सराव थांबत नाही.

घरात खरा रुग्णही आहे. दादींना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत आणि रोजा चुकवायचा नाही हा हट्टही आहे. रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारायचे राहूनच गेले. सुई टोचली की रोजा तुटतो, ही त्यांची समजूत मौलानांनी दूर केली. तपासणीपुरते बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही.

एका संध्याकाळी इफ्तारला चाळीस मिनिटे उरली होती. दादींना घाम फुटला, हात थरथरू लागले. मुलीने हात धुतले, दादींचे बोट पुसून कोरडे होऊ दिले आणि कडेला टोचले. यंत्रावर आकडा आला ६२. साखर ७० च्या खाली गेली की रोजा तिथेच थांबवायचा, हे तिला पाठ होते.

"चालीस मिनट रह्ये बेटा, रोजा कायकू तोडू?" दादी म्हणाल्या.

'रुग्णाने नकार दिला तर काय कराल?' हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. आता तो समोर बसला होता. दुसऱ्याचा रोजा तोडायला लावायचा, हे ओझेही होते. आई काही न बोलता दारात उभी होती.

मुलगी दादींजवळ बसली. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत आणि ज्याला तेही झेपत नाही त्याने गरिबाला जेवू घालावे, ही मुभा कुराणातच आहे. "दादी, ही सवलत अल्लाहची आहे, माझी नाही. ती परत का करता?"

दादींनी पेला घेतला. तीन चमचे साखर घातलेले पाणी. पंधरा मिनिटांनी आकडा ९१ झाला, मग पोळीही खाल्ली. अजान झाली तेव्हा त्या सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसल्या, पण डोळे भरलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यंदाचे रोजे बंद केले. आता दादी रोज एका गरजूच्या जेवणाचे पैसे काढून ठेवतात. पहाटे उशीच्या जागी स्वतःच आडव्या होतात आणि सराव सुरू होण्याआधी विचारतात, "परदा खींची क्या?"