सेंट अँड्र्यूजची सोडत

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज हे तसं लहान गाव, पण गोल्फ खेळणाऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. इथल्या ‘ओल्ड कोर्स’वर एकदा तरी खेळायचं म्हणून जगभरातले लोक लाखो रुपये खर्चून येतात. विमानाचं बिझनेस क्लासचं तिकीट, समुद्राकडे तोंड असलेली खोली, दिमतीला गाडी, हे सगळं पैसे मोजले की मिळतं. कोर्सवर पाऊल ठेवायची वेळ मात्र बहुतेकांना सोडतीतून मिळते, आणि या सहलीची आखणी त्या सोडतीपासूनच सुरू करावी लागते.

याचं कारण जमिनीत आहे. पहिल्या होलच्या मागे जी भारदस्त दगडी इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबची. क्लब १७५४ सालचा, पण कोर्स त्याच्या मालकीचा नाही. किनाऱ्यालगतच्या या वाळूमिश्रित कुरणावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत नोंदला गेला. पुढे, १७९७ साली, गावाच्या कारभाऱ्यांना कर्जापायी ही जमीन हातची घालवावी लागली आणि ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली. गोल्फवाले आणि ससेवाले यांचं भांडण थेट कोर्टात पोचलं. १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने जागा विकत घेतली आणि खेळ वाचला. आज ही जमीन सार्वजनिक आहे. १९७४ च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट तिचा कारभार बघतो.

गावात राहणाऱ्यांना वर्षाचा पास मिळतो आणि त्यांच्यासाठी वेळा राखलेल्या असतात. उरलेल्या वेळांमध्ये तुम्ही आम्ही. म्हाडाच्या घरांसारखीच इथेही रोज सोडत निघते. दोन ते चार जणांच्या गटाने खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत नावं द्यायची. बुधवारी खेळायचं तर सोमवारी दुपारपर्यंत. प्रत्येकाचं नाव, आपला क्लब आणि हँडिकॅप भरावा लागतो. तेव्हा मायदेशातल्या क्लबकडून हँडिकॅपचं प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावं. नाव लागलं की नाही ते त्याच दिवशी कळतं, आणि नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचं.

एकट्याने आलेल्यांची सोय वेगळी आहे. पूर्वी ही मंडळी भर थंडीवाऱ्यात रात्रभर रांगेत बसायची. २०२४ पासून त्यांच्यासाठीही सोडत आहे. आदल्या दिवशी स्वतः हजर राहून नाव नोंदवायचं आणि कुठल्या गटात जागा रिकामी असेल तिथे सामील व्हायचं.

खात्रीची वेळ हवीच असेल तर दोन वाटा आहेत. ट्रस्टकडे आदल्या वर्षीच अर्ज करायचा, किंवा ज्या सहल कंपन्यांकडे अधिकृतपणे वेळा दिलेल्या असतात त्यांचं पॅकेज घ्यायचं. पॅकेजमध्ये हॉटेल आणि इतर कोर्सही गळ्यात पडतात आणि किंमत कित्येक पटींनी वाढते. ज्याच्याकडे चारच दिवस आहेत त्याने ते जरूर घ्यावं. पण हाताशी आठवडा असेल तर मी सोडतच सुचवेन. रोज नाव द्यावं, आणि नाव न लागलेल्या दिवशी शेजारच्या कोर्सवर खेळावं. ट्रस्टचे एकूण सात कोर्स आहेत. त्यातला ‘न्यू कोर्स’ नावाने नवा असला तरी १८९५ सालचा, ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेला. पुष्कळ जाणकार त्याला खेळायला ओल्ड कोर्सइतकाच पक्का मानतात.

हंगामात ओल्ड कोर्सची ग्रीन फी ३०० पौंडांच्या वर जाते. कॅडीचे पैसे आणि टीप वेगळी, तीही रोख. कॅडी घ्यायचाच, हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही. वैद्यकीय कारण असल्याशिवाय इथे बग्गी मिळत नाही, सगळं चालत.

कॅडी का, ते मैदान बघितल्यावर कळतं. कोर्स समुद्राच्या कडेने दूर जातो, टोकाला वळतो आणि गावाकडे परत येतो. जाताना वारा पाठीशी असला तर येताना तो तोंडावर. इथले बंकर शंभराहून जास्त, आणि त्यातले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. ग्रीन्स प्रचंड आहेत, कारण त्यातल्या सात दुहेरी आहेत. एकाच ग्रीनवर जाणाऱ्यांचा एक झेंडा आणि परतणाऱ्यांचा दुसरा. जोडीतल्या होलचे आकडे मिळवून पाहा: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, पाचवा आणि तेरावा. बेरीज दर वेळी अठरा. अठरा होल हा जगभरचा नेमही इथूनच निघाला. १७६४ साली बावीस होलचे अठरा केले गेले, ते इथेच.

सतराव्या होलवर कॅडीची खरी किंमत कळते. ‘रोड होल’ म्हणतात तो हा. टीवर उभं राहिलं की फेअरवे दिसतच नाही. समोर हिरव्या शेडची भिंत आणि तिच्यावर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत. वारा बघून कॅडी सांगतो की आज अमुक अक्षरावरून मारा. चेंडू शेडवरून पलीकडे जातो आणि कुठे पडला ते चालत गेल्यावरच समजतं. पुढे ग्रीन अरुंद, तिच्या पुढ्यात डावीकडे खोल बंकर. १९७८ च्या ओपन स्पर्धेत जपानचे टॉमी नाकाजिमा याच बंकरमध्ये अडकले आणि त्यांच्या हातून स्पर्धा गेली. बंकर चुकवायला जोर लावावा तर ग्रीनमागे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर उचलायची सवलत नाही, तिथूनच मारायचा. डोकं शांत ठेवून इथे पाचात सुटलेल्याने समाधान मानावं.

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. मोठी स्पर्धा असेल तेवढाच अपवाद. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात, मुलं खेळतात, आणि पाहुण्यालाही तिथे मोकळेपणाने चालता येतं. म्हणून मुक्कामात रविवार येईल असं बघावं. खेळण्याआधी सगळा कोर्स पायाखालून घालावा, बंकरमध्ये डोकावून यावं, अठराव्या होलवरचा स्विल्कन ओढ्याचा जुना दगडी पूल निवांत बघावा. तिथून कॅथेड्रलच्या भग्न अवशेषांपर्यंत चालत जाता येतं. ओल्ड टॉम मॉरिस यांची कबर त्याच आवारात आहे.

जायचं ते मे ते सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी चारची वेळ मिळाली तरी अठरा होल पुरे होतात. मात्र जूनमध्येही लोकरीचा स्वेटर आणि पाऊस अडवणारं जाकीट लागतंच. २०२७ च्या जुलैत ओपन स्पर्धा इथेच आहे, तेव्हा तो काळ टाळावा. विमान एडिंबरापर्यंत, तिथून आगगाडीने लूकर्स स्टेशन गाठायचं. सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं स्टेशन १९६९ सालीच बंद झालं, त्यामुळे शेवटचे आठेक किलोमीटर बस किंवा टॅक्सीने.

सोबत गोल्फ न खेळणारे घरचे लोक असतील तर त्यांच्यासाठी ओल्ड कोर्सलगतच पटिंगचं एक उंचसखल हिरवं मैदान आहे. त्याचं नाव ‘हिमालयाज’. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं हे मैदान. क्लबच्या राखीव वेळा सोडल्या तर काही पौंडांत कुणालाही पटर आणि चेंडू घेऊन तिथे खेळता येतं. ना हँडिकॅप लागतो, ना सोडत.