राउटरची नोंदवही : जतन आणि निवड

अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावी ग्रामपंचायतीची जोडणी दोन तास बंद पडली, तर दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाताने परतावे लागते. दोष विजेचा, तारेचा की कोणी यंत्राच्या मांडणीत केलेल्या बदलाचा, हे नोंदीवाचून ठरत नाही. मग ठपका बहुधा कर्मचाऱ्यावर येतो.

कार्यालयातील संगणक बाहेरच्या जाळ्याशी जोडणारे यंत्र म्हणजे राउटर. जोडणी तुटणे, कोणी आत प्रवेश करणे, मांडणी बदलणे अशा घटनांची तो नोंद करतो. मात्र ही नोंद बहुधा तात्पुरत्या स्मृतीत राहते व वीज जाताच पुसली जाते. म्हणून ती त्याच क्षणी दुसऱ्या संगणकाकडे पाठविणे इष्ट होय. यासाठीची ‘सिस्लॉग’ ही पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी विकसित केली.

निवड कशी करावी?

सिस्लॉगमध्ये गांभीर्याचे ० ते ७ असे आठ स्तर आहेत. ० म्हणजे यंत्रणा निकामी, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ५ म्हणजे लक्षणीय घटना, तर ७ म्हणजे दोषशोधनाचा बारीक तपशील. ठरविलेला स्तर व त्याहून गंभीर असे संदेश पुढे जातात. सातवा स्तर ठेवल्यास अनावश्यक नोंदींचा ढीग साचतो. तिसरा ठेवल्यास मांडणीतील बदलाची नोंदच गळण्याचा संभव असतो, कारण अनेक राउटरांत ती पाचव्या स्तरावर असते. त्यामुळे सामान्यतः पाचवा स्तर सोयीचा ठरतो.

मांडणीचा क्रम

प्रथम राउटरचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवावे. वेळ चुकीची असल्यास नोंद निरुपयोगी ठरते. नंतर नोंदी स्वीकारणाऱ्या संगणकाचा पत्ता द्यावा व स्तर ठरवावा. शेवटी एखादी वापरात नसलेली जोडणी काढून, पुन्हा लावून नोंद पोहोचते की नाही हे पाहावे. बाहेरची जोडणी तुटली असता दूरच्या संगणकाकडे संदेश जात नाहीत. म्हणून राउटरमधील नोंदही चालू ठेवावी.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही अशा नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. आवक-जावक नोंदवहीइतकेच महत्त्व या नोंदवहीस दिल्यास दोष लवकर सापडेल आणि निर्दोष कर्मचाऱ्यावर ठपका येणार नाही.