पंचनाम्यात न येणारी माती

सप्टेंबर 2025च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यात 'जमीन खरडून गेली' हे शब्द पंचनाम्यांत जागोजागी आले. नदीने एका रात्रीत नेलेली माती सगळ्यांना दिसते. गंगापूरसारख्या सपाट भासणाऱ्या तालुक्यात मातीची आणखी एक चोरी वर्षानुवर्षे चालू असते. तिची फिर्याद कुणी देत नाही.

शंभर फुटांत दोन फूट उतार, त्याला कोण घाबरेल? पण पावसाच्या थेंबाला तेवढा पुरतो. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब ताशी सुमारे 32 किलोमीटर वेगाने आदळतो. उघड्या ढेकळावर पडला की मातीचे कण उसळतात, चढाकडे थोडे, उताराकडे जास्त. सुटलेली बारीक माती छिद्रांत बसते, वर पापुद्रा धरतो, आणि मुरायचे पाणी धावू लागते. आधी ओघळी, मग घळी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते 64 पट वजनाचा खडा ढकलू शकते, हा एकोणिसाव्या शतकातला हिशेब अजूनही थक्क करतो!

थेंबाचा हा मारा दाखवून देण्याचे श्रेय अमेरिकेचे संशोधक एलिसन यांना मिळाले. त्यांचे लेख 1944चे. त्याआधीच, 1930च्या दशकात, सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात एन. व्ही. कानिटकर उतारावरच्या वाफ्यांतून वाहून जाणारे पाणी आणि माती मोजत होते. ज्या वाफ्यावरचे गवत राखले, तिथली माती टिकली. उघड्या, नांगरलेल्या वाफ्यांची गेली. त्यांचा कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथही 1944चाच. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव सहसा भेटत नाही.

एक हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर थर गेला, तरी ती 12-13 टन माती होते. देशाची वार्षिक सरासरी धूप 1983च्या अंदाजानुसार हेक्टरी 16 टनांच्या वर होती. म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि ट्रॉल्या भरून माती जाते. गंगापुरात आता कपाशी फार. रुंद ओळींमधली जमीन जून-जुलैत, नेमकी पावसाच्या तोंडावर, उघडी राहते. त्यात उताराच्या दिशेने पेरणी, कोरलेले बांध आणि चराईने किंवा अतिक्रमणाने बोडकी झालेली गायराने. वरची जमीन मुरमाड होते, आणि माती शिवना-गोदावरीतून नाथसागर जलाशयात जाऊन बसते.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही 2017ची योजना तो गाळ शेतात परत आणते. चांगलेच आहे, पण वरचा उतार उघडा ठेवून खालून माती उपसणे हे डिझेलवर चालणारे दुष्टचक्र झाले. उताराला आडवी पेरणी, कपाशीत मूग-उडदाचे आंतरपीक, पऱ्हाटी न जाळता तिचा भुगा जमिनीवर पसरणे, बांधावर गवत: यातले काहीच नवे नाही. किती ट्रॉल्या गाळ निघाला हे दरवर्षी छापून येते. मृगाच्या पहिल्या पावसात तालुक्यातली किती जमीन उघडी होती, हा आकडाही त्याच्या शेजारी छापावा.