आधी पोट, मग पर्यावरण?

‘आधी पोटापाण्याचं बघू, नदी-जंगलाचं मागाहून बघता येईल,’ हे वाक्य तालुक्याच्या सभेपासून दिल्लीच्या चर्चासत्रापर्यंत कुठेही कानावर पडते. वर इंदिरा गांधींचा दाखला हमखास जोडला जातो. जून १९७२मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत ‘गरिबी हेच सर्वांत मोठे प्रदूषण’ असे त्यांनी ठणकावले, अशी समजूत पक्की आहे. मुळात तो प्रश्न होता: गरिबी आणि गरज याच सर्वांत मोठ्या प्रदूषक नाहीत का? जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या आदिवासींच्या हाताला काम आणि गाठीला पैसा नसेल, तर त्यांना जंगल राखा असे नुसते सांगून भागणार नाही, हा त्या बोलण्याचा रोख. कारखान्यांना मोकळे रान द्या, असे त्यात कुठेही नव्हते. उलट वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षीचा, जलप्रदूषणाचा १९७४चा आणि वनसंवर्धनाचा १९८०चा. तिन्ही त्यांच्याच कारकिर्दीतले, देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असतानाचे.

‘मागाहून साफ करू’ हे स्वस्तातही पडत नाही. गंगा कृती आराखडा १९८६ साली सुरू झाला आणि २०१५ साली ‘नमामि गंगे’साठी पुन्हा २०,००० कोटी रुपये मंजूर करावे लागले. जागतिक बँकेने २०१३मध्ये भारताचा हिशेब मांडला, तेव्हा पर्यावरणाच्या ऱ्हासाची किंमत २००९ या एका वर्षासाठी पावणेचार लाख कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५.७ टक्के निघाली. त्यातला सर्वांत मोठा वाटा हवेच्या प्रदूषणाचा होता. हा खर्च अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तो दवाखान्याच्या बिलात, बुडालेल्या रोजात आणि पडीक पडलेल्या रानात विखुरलेला असतो. टँकरने पाणी विकले की राष्ट्रीय उत्पन्न वाढते. विहीर आटली याची नोंद त्यात होत नाही. ही वजाबाकी हिशेबात कशी आणायची, हे सांगणारा अहवाल पार्थ दासगुप्ता यांच्या समितीने २०१३ सालीच सरकारला दिला आहे. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ या हिशेबात आहे. विकास हवा की पर्यावरण, असे विचारण्यापेक्षा खर्च कोणाच्या माथी मारला जातोय, असे विचारावे.

‘पर्यावरणवाले रोजगार बुडवतात’ हा आरोप त्या अंगाने तपासावा, आणि त्यासाठी कोकणात जावे. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने तिथे जाऊन पाहणी केली, तेव्हा सांडपाण्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राची क्षमता अपुरी होती आणि जादा पाणी ओढ्यात उतरत होते. पुढे दाभोळची खाडी. समितीच्या अहवालात दोन आकडे आहेत. वसाहतीत काम मिळालेले सुमारे ११,०००, आणि खाडीतली मासळी घटल्याने रोजगार गेलेले सुमारे २०,०००. पहिला आकडा प्रकल्पाच्या जाहिरातीत छापला जातो. दुसऱ्याला कुठला रकाना नसतो. जाळे गुंडाळून मुंबईची वाट धरणाऱ्याची नोंद ‘प्रकल्पबाधित’ म्हणून कोणी करत नाही. कारखाने नकोत, असा याचा अर्थ नाही. सांडपाणी नीट करण्याचा खर्च कारखान्याच्या खात्यावर टाकला असता तर तो काही कोटींचा होता. तो टळला, म्हणून मच्छीमाराच्या खात्यावर पडला.

याच गाडगीळ अहवालाबद्दल ‘घर बांधायलाही बंदी’ अशी आवई कोकणात अजून उठते. समितीने घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन स्तरांत विभागणी सुचवली होती. सर्वांत नाजूक स्तरात नव्या खाणी, अतिप्रदूषक कारखाने आणि मोठी धरणे नकोत, हा तिचा मुख्य आग्रह. उलट देवराया राखणाऱ्यांना, जमिनीचा कस टिकवणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला द्यावा, असेही तिने सुचवले. आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात, हे तर अहवालाचे मर्म. ऑगस्ट २०११मध्ये सादर झालेला हा अहवाल लोकांपर्यंत यायला माहिती अधिकाराची लढाई लढावी लागली आणि मे २०१२ उजाडला. मधल्या काळात अफवांना रान मोकळे होते.

ग्रामसभेच्या हाती कारभार दिला की जंगल संपेल, ही भीतीही जुनीच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११पासून गाव स्वतः बांबू विकू लागले. जंगल जागेवर आहे.

‘हरित तंत्रज्ञान श्रीमंतांना परवडते’ हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. सरकारने घाऊक खरेदी सुरू केल्यावर एलईडी दिव्याचा भाव २०१४मधल्या ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. सौरविजेचा दर २०१०च्या सुमारास युनिटला दहा रुपयांच्या वर होता, तो डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. पण इथे उलट्या बाजूचा गैरसमज टपून उभा असतो. देशाची निम्मी वीजक्षमता बिगर-जीवाश्म झाली, ही २०२५ची बातमी खरी आहे. ती क्षमतेची होती. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही सुमारे तीन चतुर्थांश वाटा कोळशाचा आहे, कारण सूर्य रात्री नसतो आणि साठवण महाग आहे. सौरपंपामुळे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हे मोठेच काम आहे. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारे धरायला जाणारा माणूस ते अधिक चांगले सांगेल. मात्र पंप फुकटात चालू लागला की भूजल किती उपसायचे, हे ठरवणारा कोणी नाही.

सर्वांत गोंडस गैरसमज इथेनॉलचा. इंधन हिरवे, परकीय चलन वाचते, कारखाना तगतो, शेतकऱ्याला पैसे मिळतात. २०२५ साली पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्टही गाठले गेले. आता पाणी मोजू. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच नोंद आहे, की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला किमान २,८६० लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. या हिशेबाने ते जेमतेम पावणेदोनशे लिटर इथेनॉलपुरते. (मळीपासून केलेल्या इथेनॉलचे गणित जरा नरम येईल, कारण साखर आधीच निघालेली असते.) राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पितो, हे सरकारी अहवालांतूनच वर्षानुवर्षे छापून येते आहे. तरी शेतकऱ्याला दोष देता येत नाही. हमखास खरेदी आणि बांधलेला दर असलेले पीक सोडून त्याने तुरीच्या भावाचा जुगार का खेळावा? पाण्याला अनुरूप पिकांना तशीच हमी देणे हे नियोजनकाराचे काम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मगच पिके ठरवते. तिथे उसाला बंदी आहे. एका गावाला जमते ते राज्याला न जमण्याचे तांत्रिक कारण मला तरी सापडलेले नाही. राजकीय कारणे ढीगभर सापडतील.

राहता राहिले ‘हे सगळे वर ठरते, आपण काय करणार?’ २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जाहीर जनसुनावणी बंधनकारक आहे. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी एका स्थानिक भाषेतल्या दैनिकातही द्यावी लागते आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. अशी नोटीस पुढच्या वेळी दिसली तर पान उलटू नका. सारांश मिळवा, सुनावणीला जा, पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार, हे लेखी विचारा. तुमचा प्रश्न आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवणे सुनावणी घेणाऱ्यांना बंधनकारक आहे.