करडईचें तेल आणि हृदयाचें आरोग्य

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजेच पूर्वींच्या औरंगाबादच्या, पूर्वेस जालन्याच्या रस्त्यावर चिकलठाणा आहे. विमानतळ आणि कारखान्यांची वसाहत यांमुळें त्याचें रूप पालटलें. परंतु ज्या मराठवाड्यांत तें वसलें आहे, तेथें रब्बीच्या ज्वारीभोवतीं करडईच्या ओळी पेरण्याचा रिवाज जुना आहे. काटेरी झाडें गुरांना आंत शिरूं देत नाहींत आणि त्यांच्याच बियांचें तेल फोडणीस येतें. हृदयास हितकर अशी या तेलाची ख्याति आहे. ती कितपत सार्थ आहे?

प्रत्येक स्निग्धाम्ल ही कार्बनाच्या अणूंची सांखळी होय. जेथें दोन अणूंमध्यें दुहेरी बंध असतो, तेथें ही सांखळी बहुधा वांकते. वांकलेल्या सांखळ्या दाटीनें बसत नाहींत. म्हणूनच तूप थंडींत थिजतें, पण करडईचें तेल पातळच राहतें. एकाहून अधिक दुहेरी बंध असलेल्या स्निग्धाम्लांस ‘बहु-असंतृप्त’ म्हणतात. देशी करडईच्या तेलांत सुमारें तीन-चतुर्थांश भाग त्यांपैकीं लिनोलेइक आम्लाचा असतो. शरीरास तें तयार करतां येत नाहीं. आहारांतूनच मिळवावें लागतें. जॉर्ज व मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्यानें १९२९ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं अशा स्निग्धांची आवश्यकता प्रथम दाखवून दिली.

तूप, लोणी वा खोबरेल यांच्या ऐवजीं असें तेल घेतल्यास रक्तांतील हानिकारक कोलेस्टेरॉल उतरतें, हें निश्चित आहे. परंतु १९६६ ते १९७३ या काळांत सिडनी येथें हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर झालेल्या प्रयोगाची माहिती २०१३ सालीं नव्यानें तपासली, तेव्हां करडईचें तेल व त्याचें मार्गारीन देण्यांत आलेल्या गटांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा १७·६, तर दुसऱ्या गटांत ११·८ आढळलें. मार्गारीनचा समावेश असल्यामुळें सारा दोष तेलाच्या माथीं मारतां येत नाहीं. तथापि केवळ कोलेस्टेरॉल उतरलें म्हणजे सर्व साधलें, असें नव्हे. उलट, सोयाबीनच्या तेलासारखीं दोन्हीं कुळांचीं स्निग्धाम्लें असणारीं तेलें वापरलेल्या कांहीं प्रयोगांत हृदयविकार घटल्याचें दिसलें.

हें दुसरें कूळ म्हणजे ओमेगा-तीन. करडईंत तें जवळजवळ नाहींच. जवसाच्या तेलांत मात्र निम्म्याच्या आसपास असतें. म्हणून करडईच्या फोडणीबरोबर पानांत जवसाची चटणी असणें शास्त्रालाही धरून आहे.

दुहेरी बंध हेंच या तेलाचें मर्मस्थान होय. हवा, उजेड व उष्णता यांनीं तें तेथेंच बिघडतें व खवट होतें. यास्तव तें थोडथोडें आणावें, झांकून अंधारांत ठेवावें आणि तळणाचें उरलेलें तेल पुनःपुन्हां तापवूं नये. शिवाय कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमांत नऊ कॅलरी असतात. तेव्हां करडईचें तेल तुपाच्या जागीं यावें, तुपावर आणखी नको. आणि वाढणाऱ्याचा हात मोजकाच असावा.