गुडघा सांभाळा, घाई टाळा

कळंबा गाव कोल्हापूरला लागून आहे. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. इथल्या पोरांना मातीचे वेड असणारच. आणि कुस्ती आली, की गुडघ्याची दुखापतही आली.

गुडघा कसा दुखावतो? पाय मातीत रुतलेला असतो. वरचे अंग गर्रकन वळते. गुडघ्यात कट् आवाज होतो आणि सूज चढते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड आतून चिवट दोरांनी बांधलेले असते. त्यांना अस्थिबंध म्हणतात. तो दोर तुटला, की गुडघा डळमळतो.

अशा वेळी गुडघा चोळू नये, ओढू नये. कापडात गुंडाळून बर्फ लावावा. पाय उशीवर ठेवावा. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

सूज उतरली की पोरगा म्हणतो, "वस्ताद, आता कायबी दुखत न्हाई. जत्रंत लढतो की!" इथेच घात होतो. दुखणे थांबले म्हणजे दोर जुळला असे नव्हे. ऑपरेशन करून डॉक्टर नवा दोर बसवतात. तो मुरायला वेळ लागतो. म्हणून ऑपरेशननंतर निदान ९ महिने तरी कुस्ती लढू नये.

मग तोवर नुसते बसायचे का? नाही. पायरी पायरीने चढायचे. आधी पाय सरळ करणे, वाकवणे. मग मांडीची ताकद वाढवणे. मग चालणे, पळणे, बैठका. त्यानंतर समजूतदार जोडीदाराबरोबर हलके डाव. मैदान सगळ्यात शेवटी. गुडघा पुन्हा सुजला, तर एक पायरी मागे यावे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाइतकी झाली का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

खाशाबा जाधव कोल्हापुरात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. पुढे गुडघा दुखावला आणि १९५६ चे ऑलिंपिक हुकले. आज उपचार सुधारले आहेत. हरियाणाच्या विनेश फोगट यांचा गुडघा ऑगस्ट २०१६ मध्ये रिओला लढताना मोडला. स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ऑपरेशन झाले. त्यांनी धीर धरला. मे २०१७ मध्ये त्यांनी आशियाई कुस्ती स्पर्धेत रौप्यपदक जिंकले आणि २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक.

आम्ही पोरांना आणि वस्तादांना एवढेच सांगतो : जत्रा दरवर्षी येते. गुडघा मात्र जन्माचा सोबती आहे. आधी त्याला जपा, मग शड्डू ठोका.